वेळ एका ठिकाणी जातो, कारण दुसरीकडे असते

हायरॉक्स हा खेळ भारतात नवा आहे. २०१७ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तो सुरू झाला. क्रिस्टियन टोट्झके हे क्रीडास्पर्धांचे आयोजक आणि २००८ व २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे जर्मन हॉकीपटू मोरिट्झ फुर्स्टे यांनी तो उभा केला. आपल्याकडे पहिली शर्यत २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत झाली आणि जुलैत दिल्लीला, द्वारकेच्या यशोभूमीत. रचना सगळीकडे एकच असते: एक किलोमीटर धावायचे, मग एक व्यायामप्रकार करायचा, आणि असे आठ वेळा. व्यायामप्रकारांचा क्रमही ठरलेला आहे. आधी स्की-अर्ग या यंत्रावर १००० मीटर, मग ५० मीटर स्लेड ढकलणे, ५० मीटर स्लेड ओढणे, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप, १००० मीटर रोइंग, दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस, म्हणजे गुडघा टेकवत चालणे, आणि शेवटी १०० वॉल बॉल, म्हणजे दर बैठकीनंतर चेंडू उंचावरच्या लक्ष्यावर फेकणे.

शर्यत संपल्यावर खेळाडूच्या मोबाइलवर निकालाचा तक्ता येतो. आठ धावांच्या आठ वेळा, आठ व्यायामप्रकारांच्या आठ वेळा आणि धावपट्टीवरून व्यायामाच्या जागी ये-जा करण्यात गेलेला वेळ, ज्याला रॉक्सझोन म्हणतात. एकूण सतरा आकडे. मग खेळाडू आणि त्याचा कोच तो तक्ता गटाच्या सरासरीशेजारी ठेवतात, कुठे सर्वांत जास्त वेळ गेला ते पाहतात, त्याला ‘वीक पॉइंट’ म्हणतात आणि पुढचे तीन महिने त्यावर घासतात. जिममध्ये, धावण्याच्या ग्रुपमध्ये, व्हॉट्सअॅपवर, सगळीकडे ही पद्धत इतकी रूढ आहे की तिला पर्याय असू शकतो हेच कुणाच्या मनात येत नाही. उत्तर दिल्लीत या शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर बसून मी असे तक्ते वाचत आलो आहे. हा रूढ मार्ग चुकीचा आहे, आणि चूक तपशिलाची नसून मुळातली आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते इथे मांडतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. या पद्धतीचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. पहिली, आकडे कुणाची भीड धरत नाहीत. कोचचा डोळा लाडक्या शिष्याचे दोष पाहत नाही, तक्ता पाहतो. दुसरी, ज्याच्याकडे महागडा कोच नाही त्यालाही हा तक्ता मिळतो, त्यामुळे छोट्या गावातला मुलगाही स्वतःचे विश्लेषण करू शकतो. तिसरी, ज्या बाजूला उणीव आहे तिथेच सुधारणेला वाव जास्त असतो. जो आधीच चांगला आहे त्या भागात मेहनत करून दोन-चार सेकंद मिळतील, कमकुवत भागात मिनिटे मिळतील.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींशी माझे भांडण नाही. तक्ता प्रामाणिक असतो आणि तो सर्वांना मिळतो, हे या खेळाचे मोठेपणच आहे. भांडण तिसऱ्या गोष्टीशी आहे, कारण तिच्या पोटात एक न बोललेले गृहीतक दडलेले आहे. जिथे वेळ गेला तिथेच उणीव आहे, हे ते गृहीतक.

हे गृहीतक कुठे खरे ठरते ते आधी पाहू. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. तिथे एखाद्या उमेदवाराला गोळ्यात ६ गुण पडले तर त्याने गोळ्याचा सराव वाढवावा हे योग्यच आहे, कारण प्रत्येक प्रकाराची पाळी येईपर्यंत श्वास जाग्यावर आलेला असतो. एका प्रकाराचा थकवा दुसऱ्याच्या गुणांत फारसा उतरत नाही. स्वतंत्र आकडे स्वतंत्रपणे वाचता येतात. हायरॉक्समध्ये हीच अट पाळली जात नाही. तिथे घड्याळ थांबतच नाही, त्यामुळे प्रत्येक आकड्यात आधीच्या सगळ्या आकड्यांचा अंश मिसळलेला असतो. एकमेकांशी बांधलेली मोजमापे सुटी सुटी मोजून अंतर काढले तर निष्कर्ष फसवा निघतो, म्हणून त्यांच्यातला परस्परसंबंध हिशेबात घेणारे माप प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडले. संख्याशास्त्रात ते आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्याच देशात शिकवला गेलेला हा धडा आपल्या जिममध्ये मात्र पोचलेला नाही.

आता उदाहरण घेऊ. आकडे मी समजावून सांगण्यासाठी योजलेले आहेत, पण असा तक्ता कुठल्याही शर्यतीनंतर पाहायला मिळेल. समजा, पुरुषांच्या खुल्या गटातल्या एका तरुणाच्या आठ धावा अशा झाल्या: ४:४०, ५:००, ५:२५, ५:४०, ५:५०, ५:४०, ५:४५ आणि ६:२०. एकूण ४४ मिनिटे २० सेकंद. व्यायामप्रकारांत स्की-अर्ग ४:२०, स्लेड ढकलणे २:३०, स्लेड ओढणे ४:३०, बर्पी ५:००, रोइंग ४:४५, वजने घेऊन चालणे २:००, लंजेस ५:१५ आणि वॉल बॉल ९:००. एकूण ३७ मिनिटे २० सेकंद. रॉक्सझोन ७ मिनिटे. शर्यतीची वेळ १ तास २८ मिनिटे ४० सेकंद.

रूढ पद्धतीचा निवाडा लगेच येतो. वॉल बॉल नऊ मिनिटे, म्हणजे वॉल बॉल कच्चा. आठवड्यातून तीनदा वॉल बॉल करा, बैठका वाढवा, खांदे मजबूत करा.

पण याच तरुणाला एखाद्या सकाळी ताजेतवाने असताना शंभर वॉल बॉल करायला लावले आणि ते त्याने ५ मिनिटे ४० सेकंदांत केले तर? मग वॉल बॉल त्याला येत नाही असे कसे म्हणणार? त्याला तो येतो, फक्त शर्यतीच्या शेवटी येत नाही. ३ मिनिटे २० सेकंदांचे हे अंतर वॉल बॉलच्या जागी दिसले, पण तिथे जन्मले नाही. ते जन्मले कुठे हे शोधायला तक्ता उलट्या दिशेने, शेवटापासून सुरुवातीकडे वाचावा लागतो.

तसा वाचला की नजर पहिल्या धावेवर थांबते. ४:४०. रूढ वाचनात हा तक्त्यातला सर्वांत सुंदर आकडा आहे. कोच त्यावर खूण करून ‘बघ, धावायला तू चांगला आहेस’ म्हणेल. आता समजा या तरुणाची ताजेपणीची पाच किलोमीटरची उत्तम वेळ २४ मिनिटे आहे. म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटे ४८ सेकंद. दीड तासाच्या शर्यतीचा पहिला किलोमीटर तो आपल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीच्या वेगापेक्षाही जोरात धावला. दोष या आकड्यात आहे, आणि रूढ पद्धत त्यालाच शाबासकी देते.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. १९६५ मध्ये मोनो आणि शेरर या फ्रेंच संशोधकांनी स्नायूंच्या कामाबद्दल एक साधा नियम मांडला. श्रमाची एक पातळी, एक उंबरठा, अशी असते की तिच्या खाली माणूस बराच वेळ टिकतो. तिच्या वर गेला की तो एका मर्यादित साठ्यातून खर्च करू लागतो आणि साठा संपला की थांबावेच लागते. पुढे हाच नियम सायकलपटू, पोहणारे आणि धावपटू यांना लावला गेला. धावपटूच्या बाबतीत साठा मीटरमध्ये मोजतात. आपल्या तरुणाची उंबरठ्याची गती किलोमीटरला ५ मिनिटे आणि साठा २०० मीटर धरला, तर त्याची पाच किलोमीटरची वेळ बरोबर २४ मिनिटे येते. आता ४:४० च्या वेगाने धावताना तो उंबरठ्याच्या वर प्रत्येक सेकंदाला सुमारे २४ सेंटिमीटर खर्च करत होता. २८० सेकंदांत झाले जवळपास ६७ मीटर. साठ्याचा एक तृतीयांश भाग पहिला व्यायामप्रकार सुरू होण्याआधीच गेला. साठा उंबरठ्याखालच्या वेगाने धावताना हळूहळू भरतो हे खरे, पण स्की-अर्ग, स्लेड ढकलणे, स्लेड ओढणे असे तीन जबर खर्च लागोपाठ येतात, तेव्हा भरायला सवड कुठे मिळणार? पुढच्या प्रत्येक धावेत तो या उधारीचे व्याज फेडत राहिला. आठव्या धावेला ६:२० लागले आणि मुद्दल वॉल बॉलच्या दारात मागितले गेले.

जर्मनीत हौशी हायरॉक्सपटूंवर झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडू ११ च होते, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण त्यातही श्रमाची तीव्रता वॉल बॉलवर सर्वांत जास्त जाणवली. साहजिक आहे. शेवटी जे येते त्याच्यावर आधीच्या सगळ्याचा भार येतो. म्हणूनच हजारो तक्त्यांत वॉल बॉल हा ‘वीक पॉइंट’ ठरतो. एवढ्या साऱ्या माणसांची एकाच ठिकाणी एकच उणीव असावी, यापेक्षा ती जागाच तशी आहे हे मानणे जास्त सयुक्तिक नाही का?

जागेच्या या भाराचे एक ऐतिहासिक उदाहरण आम्हा उत्तर दिल्लीकरांच्या उशाशीच आहे. रिजच्या टेकाडावर जिथे आज महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय उभे आहे, तिथे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदूराव यांचा वाडा होता. १८५७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रज फौज याच रिजवर ठाण मांडून होती आणि हिंदूरावांचा वाडा तिच्या फळीचे उजवे टोक होता. तिथे सिरमूर पलटणीचे गुरखे होते. दिल्लीच्या त्या वेढ्यात पलटणीच्या ४९० जणांपैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. केवळ हानीचा तक्ता पाहणारा कारकून म्हणेल की फळीतली सर्वांत कच्ची पलटण हीच. वस्तुस्थिती उलट होती. शहराच्या बाजूने आलेले हल्ले पुन्हा पुन्हा याच नाक्यावर आदळले, कारण तो नाका हाती आल्याशिवाय रिज हाती येणार नव्हती. तिथली हानी तिथे पडलेला भार सांगत होती. तिथल्या माणसांच्या कच्चेपणाबद्दल त्या आकड्यात काहीही नव्हते. त्या युद्धात आपले मन कुणाच्या बाजूला आहे हा प्रश्न निराळा. आकडे वाचण्याची रीत दोन्ही बाजूंना एकच लागू पडते.

हायरॉक्सच्या तक्त्यालाही तीच रीत लावायला हवी. पण समर्थक इथे दुसरा मुद्दा पुढे करतील: आम्ही तर सरासरीशी तुलना करतो. वॉल बॉल सगळ्यांनाच शेवटी येतो, भार सगळ्यांवरच असतो. तरीही सरासरीपेक्षा जास्त वेळ लागला तर ती उणीवच. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. त्याला माझी तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे. भार सगळ्यांवर असतो, पण सारखा नसतो. जो पहिला किलोमीटर बेताने धावला त्याचा वॉल बॉल आणि जो उधळला त्याचा वॉल बॉल यांची तुलना सरासरी करू शकत नाही. सरासरीत दोघेही मिसळून गेलेले असतात.

दुसरे उत्तर शरीराचे. स्लेडचे वजन शरीराच्या प्रमाणात ठरत नाही. पुरुषांच्या खुल्या गटात ढकलायची स्लेड १५२ किलोची, स्त्रियांच्या १०२ किलोची. तुम्ही ६० किलोचे असा की ९० किलोचे. यशोभूमीत ती स्लेड जवळून पाहिली की गोष्ट डोळ्यांपुढे येते. साडेबारा मीटरची पट्टी, खाली जाजम, आणि चार खेपा. सडसडीत मुलगा दोन्ही हात दांड्यांवर लावून जवळजवळ आडवा होतो, बुटांची टोके जाजमात रुततात, स्लेड हातभर सरकते आणि थांबते. थांबली की पुन्हा हलवायला चालू ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. शेजारच्या पट्टीतला धिप्पाड गडी न थांबता चालत जातो. दोघांनी लावायचा जोर एकच, कारण घर्षण स्लेडच्या वजनावर आणि जाजमावर अवलंबून आहे, माणसाच्या वजनावर नाही. पण हाच सडसडीत मुलगा पुढच्या धावेत त्या गड्याला मागे टाकतो, कारण तिथे प्रत्येकाला स्वतःचेच वजन वाहायचे असते. स्लेडवर त्याचे जे सेकंद गेले ते त्याच्या देहयष्टीचे मोल आहे, आणि धावेत ते वसूलही झाले. वॉल बॉलचेही तसेच. पुरुषांसाठी लक्ष्य तीन मीटर उंचीवर असते. बुटक्याला चेंडू जास्त उंच फेकावा लागतो, उंच माणसाला प्रत्येक बैठकीत स्वतःचे शरीर जास्त खालीवर न्यावे लागते. दोघे एकच व्यायाम करताना दिसतात, काम वेगवेगळे करतात. गटाची सरासरी या दोघांना एका मापात बसवते आणि प्रत्येकाला त्याच्या जन्मजात बांध्याबद्दल दोषी ठरवते.

तिसरे उत्तर संख्याशास्त्राचे. सतरा आकड्यांत कोणता तरी एक सर्वांत वाईट असणारच. तो असण्यासाठी उणीव असावी लागत नाही. एका दिवशी चेंडू दोनदा हातातून निसटला, पंचाने सहा वेळा ‘नो रेप’ म्हणून फेक मोजली नाही, की तो आकडा तळाला गेला. फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची तपासून दाखवले की टोकाचे मोजमाप पुढच्या खेपेला सरासरीकडे झुकते. हायरॉक्समध्ये हे दर मोसमात घडते. ज्या प्रकारात वाईट वेळ आली त्यावर तीन महिने घासले, पुढच्या शर्यतीत तो सुधारला, आणि कोचने श्रेय सरावाला दिले. त्यातला किती भाग सरावाचा आणि किती भाग नुसता सरासरीकडे परतल्याचा, हे एका शर्यतीवरून कुणालाच सांगता येणार नाही. मग ही पद्धत आपोआप खरी ठरत जाते आणि तिच्यावरचा विश्वास वाढत जातो.

आता दुसऱ्या टोकाचे एक मत आहे, त्याचाही समाचार घ्यायला हवा. काही जाणते कोच म्हणतात, वेगळे प्रकार पाहूच नका, ही शेवटी धावण्याची शर्यत आहे. वर सांगितलेल्या जर्मन अभ्यासातही एकूण वेळेपैकी सुमारे साठ टक्के वेळ धावण्यात गेला होता. तेव्हा धावणे सुधारा, बाकी सुधारेल. हे मत पहिल्यापेक्षा बरे आहे, पण त्यातही वाट्यावरून कारण काढण्याची तीच चूक आहे. वेळेचा साठ टक्के भाग धावण्यात गेला, याचा अर्थ निकालाचे साठ टक्के कारण धावण्यात आहे असा होत नाही. पाचवी धाव बर्पीनंतर येते, आठवी लंजेसनंतर. ती धाव मंदावली याचे कारण पायांच्या धावण्याच्या क्षमतेत असेल किंवा शंभर मीटर गुडघा टेकवत चालल्यानंतर मांड्या किती उरल्या यातही असेल. धावण्याच्या आकड्यात व्यायामप्रकार लपलेला आहे आणि व्यायामप्रकाराच्या आकड्यात धाव. दोघांना वेगळे काढून वाटा ठरवणे हीच मूळ गफलत.

अविनाश साबळेची शर्यत आठवा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला हा सैनिक ज्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये धावतो, तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद धावून त्याने रौप्य मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. ते पाच शतांश सेकंद पस्तीसपैकी कुठल्या उडीत गेले, असे कुणी विचारले तर त्या प्रश्नालाच अर्थ नाही. प्रत्येक उडीची किंमत पुढच्या काही पावलांत चुकती होते आणि प्रत्येक उडीची गुणवत्ता तिच्याआधीच्या धावेवर ठरते. याच साबळेने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला होता. दमाचा एवढा खोल साठा असलेला माणूस अडथळ्यांतही उजवा ठरतो, यात आश्चर्य नाही. पण नुसते अर्धमॅरेथॉन धावणारे सगळेच अडथळ्यांत उजवे ठरत नाहीत, हेही तितकेच खरे. जोड जमावी लागते, आणि जोडच मोजावी लागते.

मग मोजायचे कसे? खंडन करणाऱ्यावर मंडनाची जबाबदारी असते, म्हणून माझी पद्धत सांगतो.

पहिली गोष्ट, तक्त्यातले व्यायामप्रकार आणि धावा वेगवेगळ्या रकान्यांत वाचायच्या नाहीत. प्रत्येक व्यायामप्रकार, त्यानंतरचा रॉक्सझोन आणि पुढची धाव हा एक घटक धरायचा. स्लेड ढकलणे २:३० मध्ये झाले पण पुढची धाव २५ सेकंदांनी मंदावली, तर ती स्लेड २:४५ मध्ये ढकलून पुढची धाव सांभाळणाऱ्यापेक्षा महाग पडली. रॉक्सझोनबद्दल लोक म्हणतात की तिथले सेकंद फुकटात वाचतात. नेहमीच नाही. तिथे वीस सेकंद चालून श्वास आवरला आणि पुढच्या किलोमीटरला तीस सेकंद मिळाले तर ते चालणे फायद्याचे झाले. घटकाची बेरीजच खरे काय ते सांगते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक प्रकाराची दोन मोजमापे शर्यतीबाहेर घ्यायची: एक ताजेपणी, एक थकवल्यावर. ताजेपणी शंभर वॉल बॉल. दुसऱ्या दिवशी, आधी एक किलोमीटर धावून आणि लंजेस करून शंभर वॉल बॉल. ताजेपणीची वेळच वाईट असेल तर रूढ पद्धतीचे म्हणणे त्या खेळाडूपुरते बरोबर आहे, त्याने वॉल बॉलच शिकावा. नवख्यांमध्ये असे पुष्कळ असतात आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ताजेपणीची वेळ चांगली आणि थकल्यावरची वाईट असेल तर दम आणि मांड्यांची सहनशक्ती वाढवावी. दोन्ही चांगल्या आणि फक्त शर्यतीत वाईट असेल, तर गतीचे नियोजन चुकले. तिथे सरावाची गरजच नाही, पहिला किलोमीटर आवरायची गरज आहे. एकाच ९:०० या आकड्याला तीन वेगळी कारणे आणि तीन वेगळे उपाय. नुसत्या तक्त्यातून ती ओळखता येत नाहीत. मोजमाप मात्र सपाट, मापलेल्या पट्टीवरच घ्यावे. आमच्याकडची मुले हौसेने रिजवर धावतात, पण तिथल्या चढउतारावर घेतलेली एक किलोमीटरची वेळ शर्यतीच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही.

तिसरी गोष्ट, एका सेकंदाला कुठे किती मोल पडते हे पाहायचे. स्की-अर्ग आणि रोइंगच्या यंत्रांवर वेग शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. १००० मीटरला ४ मिनिटे लागत असतील तर सुमारे २०२ वॉट शक्ती लागते. ३:५० करायला सुमारे २३० वॉट. दहा सेकंदांसाठी जवळपास १४ टक्के जास्त शक्ती. धावण्यात वेग आणि खर्च साधारण एकाच प्रमाणात चालतात, त्यामुळे ५:१५ वरून ५:०० वर यायला पाच टक्के जास्त लागतात, आणि आठ धावांत मिळून दोन मिनिटे मिळतात. स्की-अर्गवर सरासरीपेक्षा दहा सेकंद मागे असलेला खेळाडू ते दहा सेकंद मिळवायला निघाला तर बाजारातली सर्वांत महाग वस्तू विकत घेतो आहे.

चौथी गोष्ट, तुलना स्वतःशी करायची, आणि निदान दोन शर्यती झाल्याशिवाय ठाम निष्कर्ष काढायचा नाही. त्यातही मुंबईचे जाजम आणि दिल्लीचे जाजम एकसारखे घासत नाही, हे लक्षात ठेवून स्लेडच्या वेळा सैल हाताने वाचायच्या.

आपल्या उदाहरणातल्या तरुणाला ही पद्धत काय सांगेल? पुढच्या शर्यतीत पहिला किलोमीटर ५:२० ने धाव. चाळीस सेकंद आधीच दे आणि शेवटच्या तीन धावा आणि वॉल बॉल यांत किती परत येतात ते पाहा. हे अनुमान आहे, आणि ते चूक ठरू शकते. पण ते तपासता येते, ही त्याची ताकद आहे. ‘वॉल बॉल कच्चा’ हे विधान तपासायची सोयच रूढ पद्धत ठेवत नाही; खेळाडू सुधारला तर सराव फळला म्हणायचे, नाही सुधारला तर अजून सराव करा म्हणायचे.

मी हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे, कारण चुकीच्या निदानाची किंमत खेळाडू शरीराने देतात. ज्याच्या मांड्यांत आणि गुडघ्यांत काही उणे नव्हते त्याला तीन महिने रोज शेकडो बैठकांना जुंपले जाते. शर्यतीची प्रवेश फी, प्रवास, बूट यांचे पैसे साठवून उतरलेली नोकरदार मुले मोसम संपताना दुखरे गुडघे घेऊन आणि आपण मुळातच कमी पडतो अशी समजूत घेऊन परततात. या खेळाने त्यांना स्वतःची परीक्षा घ्यायची उत्तम संधी दिली आहे. त्या परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या कोच मंडळींना एवढेच सांगणे आहे की पुढचा तक्ता हाती आल्यावर सर्वांत वाईट आकड्याभोवती गोल काढण्याआधी त्या खेळाडूचा पहिला किलोमीटर पाहा, त्याची ताजेपणीची वेळ घ्या, आणि मगच त्याला कोणता व्यायाम द्यायचा ते ठरवा.